आंतरराष्ट्रीय पोलीस सहकार्य : आपल्या पदरात नक्की काय पडतं?

माहीमकर (धागाकर्ता) :
२००८ च्या २६/११ मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून दिल्लीत आणलं, तेव्हापासून आमच्या सकाळच्या चहाच्या टोळक्यात एकच सूर : "सोळा वर्षं लागली. कसलं डोंबलाचं सहकार्य!"

मला हे पटत नाही. प्रत्यार्पण हा या सगळ्यातला सर्वात दिसणारा आणि सर्वात रखडणारा भाग. खरं काम त्याच्या कितीतरी आधी, तपास करणाऱ्यांच्या पातळीवर होतं, आणि त्याचा फोटो छापून येत नाही.

२६/११चंच घ्या. कसाब जिवंत हाती लागला तो तुकाराम ओंबळेंमुळे. पण नुसत्या कबुलीवर खटला उभा राहत नाही, आणि ती त्याने पुढे फिरवलीही. पलीकडून सूचना देणारे इंटरनेटवरून कॉल करत होते आणि त्या कॉलचं खातं अमेरिकेतल्या कंपनीकडे होतं. जीपीएस यंत्रांमधून समुद्रातला मार्ग काढायचा होता. हल्लेखोरांच्या डिंगीच्या (छोट्या रबरी बोटीच्या) यामाहा इंजिनाचा माग काढायचा होता. एफबीआयच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या लोकांनी यातलं बरंच काम केलं आणि मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्षही दिली. हल्ल्याच्या कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजला, हे पाकिस्तानच्या गृहखात्याच्या प्रमुखांना फेब्रुवारी २००९ मध्ये जाहीर कबूल करावं लागलं. हे काय आपल्या निषेधपत्रांमुळे झालं?

तिरकस :
आरती झाली असेल तर प्रसाद वाटा.
हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणारा हेडली कोणाचा माणूस होता? अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबरी. २००६ मध्ये दाऊद गिलानीचा डेव्हिड हेडली झाला, मुंबईत ताजचं चित्रीकरण करून गेला. बरं, हल्ला झाल्यावर मार्च २००९ मध्ये परत आला. आमच्या पुण्यातही फिरून गेला! ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत पकडला आणि पुढच्या मार्चमध्ये गुन्हा कबूल करताना सौदा काय, तर भारताच्या हवाली करायचं नाही. आपली १६६ माणसं गेली, त्याला ३५ वर्षं, तीही त्यांच्याच तुरुंगात. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर खरवड आपल्या पानात वाढली, त्याला तुम्ही पंगत म्हणताय.

माहीमकर :
खरवड म्हणा हवं तर. पण जून २०१०मध्ये आपल्या एनआयएचे (राष्ट्रीय तपास यंत्रणेचे) अधिकारी शिकागोत जाऊन हेडलीसमोर बसले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने माफीचा साक्षीदार म्हणून व्हिडिओवरून मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. आणि हो, त्याला व्हिसा दिला तो शिकागोतल्या आपल्याच वकिलातीने. राणाच्या इमिग्रेशन कंपनीचं कार्यालय ताडदेवला उघडून बसला होता तो. तेव्हा आपण काय करत होतो, हेही विचारू या.

तिरकस :
विचाराच. मी आपल्यांचं कौतुक कधी केलं?

गिरगावची :
वकील आहे, म्हणून राहवत नाही. इथे सगळे अमेरिकेवर अडकलेत, मला अबू सालेमचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. १२ मार्च १९९३ चे मुंबईतले साखळी बॉम्बस्फोट, २५७ मृत्यू, त्यातला हा आरोपी. माझे काका त्या दुपारी शेअर बाजाराच्या इमारतीत होते. वाचले, पण पुढे कित्येक वर्षं फटाके वाजले की घरात जाऊन बसायचे.

सालेम २००२ मध्ये लिस्बनला सापडला. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, म्हणून भारताने लेखी हमी दिली : फाशी देणार नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो आला. २०१७ मध्ये टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) न्यायालयाने जन्मठेप दिली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, शब्द दिलाय तो पाळा. मध्यंतरी पोर्तुगालच्या न्यायालयांनी प्रत्यार्पणच रद्द ठरवलं होतं, कारण ज्या गुन्ह्यांसाठी माणूस दिला त्यांच्यापलीकडची कलमं आपण लावली.

म्हणजे एका खुन्याची शिक्षा किती, हे लिस्बनला चाललेल्या वाटाघाटीत ठरलं. माहीमकर, तुमचे अधिकारी एकमेकांना कितीही मदत करोत, अटी शेवटी आरोपीच्या फायद्याच्या निघतात.

चष्मिस :
गिरगावची, पूर्ण असहमत. हमी दिली नसती तर सालेम आलाच नसता. तो आत आहे, दाऊद बाहेर आहे. जिथे सहकार्य मिळालं आणि जिथे नाही, त्यातला फरक एवढा उघड आणखी कुठे दिसणार? २५ वर्षं म्हणजे काही सुट्टी नव्हे.

गिरगावची :
काकांना हे सांगायला जा.

(थोडं लागेल असं लिहिलं, माफ करा. पण कायदेशीर मुद्दा तुमचा बरोबर आहे.)

वाटसरू :
जरा वेगळं. फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कीतल्या भूकंपात आपल्या एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) रोमिओ आणि ज्युली या श्वानांनी नुरदागीच्या ढिगाऱ्यात जिवंत माणूस असल्याचं ओळखलं, आणि सहा वर्षांची मुलगी बाहेर निघाली. तिथे ना अट, ना हमी. काश्मीरवरून तुर्कीशी आपलं पटत नसतानाही पथकं गेलीच ना?

तिरकस :
ढिगाऱ्याखालच्या पोरीला कोणी पासपोर्ट विचारत नाही. आरोपीचा आधी विचारतात. तुलनाच नको.

नाशिकची लेक :
तुमचे सगळे मोठे खटले. माझा छोटा आहे. बाबांना "डिजिटल अटक" करून, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर अडकवून, अकरा लाख उकळले. बाबा निवृत्त शिक्षक, दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसून राहिले, शेजारच्या खोलीतल्या आईलाही बोलले नाहीत. आम्हाला कळल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पैसे भाड्याच्या खात्यांतून फिरून क्रिप्टोत गेले होते. तपास अधिकारी भला माणूस, स्पष्ट म्हणाला, "ताई, पैसे देशात असेपर्यंत मी धावू शकतो. बाहेर गेले की मी फक्त पत्र लिहितो." त्याचं पत्र वरच्या कार्यालयात, तिथून दिल्लीत, तिथून परक्या देशात. चोराला एक बटण, याला इतके सह्या-शिक्के.

मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या असल्याच अड्ड्यांतून आपली शेकडो मुलं हवाई दलाच्या विमानाने आणली. त्यातल्या कित्येकांना नोकरीचं आमिष दाखवून नेलं होतं म्हणे. बाबांशी बोलणारा हिंदी चांगलं बोलायचा. मला सारखं वाटतं, तोही तसाच कोणी असेल का.

माहीमकर :
ताई, वाईट वाटलं. माझा मुद्दा इथे लंगडा पडतो, हे मान्य. ओळखीचे दोन अधिकारी फोनवर बोलून जे एका दिवसात करतात ते मोठ्या खटल्यांत होतं, अकरा लाखांसाठी कोणी फोन उचलत नाही. त्या पत्राचं उत्तर आलं का?

नाशिकची लेक :
सात महिने झाले. गेलंय म्हणतात. कुठल्या देशात, ते विचारलं तर दोनदा वेगवेगळी नावं सांगितली.