एम.एस. ऑर्थोनंतर स्पोर्ट्स मेडिसिन: जिल्ह्याच्या गावात चालतं का?

नवशिका_ऑर्थो
नमस्कार. एम.एस. ऑर्थोचं शेवटचं वर्ष सुरू आहे. आमच्या युनिटला सगळा ट्रॉमाच: अपघात, प्लेट, रॉड. दुर्बिणीची शस्त्रक्रिया मागे उभं राहून मॉनिटरवर बघितली, तेवढीच. मला खेळाडूंच्या दुखापतींचं काम करायचंय, पण मुंबई-पुण्यात राहायचं नाही. घरचे म्हणतात, सांधेबदली शिक, म्हाताऱ्यांचे गुडघे कधी संपत नाहीत. कोणी हे काम लहान शहरात करतंय का?

प्लास्टरवाला
घरच्यांचं ऐका. खेळाडूकडे पैसे नसतात आणि ज्याच्याकडे असतात तो मुंबईला जातो.

गुडघेवाली
मी करते, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी. प्लास्टरवाला, तुमचं निम्मं खरं आहे. टीव्हीवरचा खेळाडू माझ्याकडे येत नाही. येतो तो कबड्डीतला चढाईबहाद्दर, तालमीतला पोरगा, रात्री बॉक्स क्रिकेट खेळणारा बँकेतला कॅशियर आणि पोलीस भरतीची पोरं. भरतीवाल्याला १६०० मीटर पळायचं असतं, मैदानी चाचणीची तारीख लागलेली असते आणि गुडघा सटकत असतो.

कहाणी बहुतेक एकच. पाय जमिनीत रुतला, वरचं अंग फिरलं, आतून ‘कट्’ आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा फुगला. इतक्या लवकर सूज म्हणजे आत रक्त उतरलं, आणि तरण्या खेळाडूत त्याचं पहिलं कारण म्हणजे एसीएल, गुडघ्याला आतून धरून ठेवणारं लिगामेंट, तुटणं. पण पोरगा आधी कुणाकडून तरी चोळून घेतो. सूज उतरते, चालता येतं, म्हणून परत मैदानात. मग पुन्हा सटकतो आणि आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटते. लिगामेंट नवं बसवता येतं, गादी दर वेळी शिवता येत नाही. म्हणून एमआरआयच्या आधी लॅकमन टेस्ट, म्हणजे नडगी हाताने पुढे ओढून एसीएल तपासणं, हातात बसवून घ्या. लहान गावात दहा मिनिटांत निदान सांगणारा डॉक्टर लागतो.

ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा पट्टा, पेशंटच्या अंगातून कुठून घ्यायचा हेही पुस्तकातून सुटत नाही. मांडीमागची हॅमस्ट्रिंग काढली तर वेगात पळणाऱ्याची तक्रार येते. वाटीखालचा पट्टा घेतला तर गुडघे टेकताना दुखतं, आणि पैलवान तर सारखा गुडघ्यांवरच असतो. घोट्याजवळचा पेरोनियस लाँगस घेणारेही आता पुष्कळ आहेत. त्यामुळे मी ‘काय खेळतोस’ एवढ्यावर थांबत नाही, ‘कसा खेळतोस, डाव कुठला टाकतोस’ हेही विचारते. कुस्ती न बघता पैलवानाचा गुडघा करू नये, असं माझं मत.

ऑपरेशन तासा-दीड तासाचं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. बसवलेला ग्राफ्ट आधी निर्जीव दोरीच असतो. शरीर हळूहळू त्यात रक्तवाहिन्या घालतं आणि त्या काळात तो उलट कमजोर होतो. नेमकं तेव्हाच, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, पोरगा येऊन सांगतो, “मॅडम, एकदम झकास वाटतंय, उतरू का?” नऊ महिन्यांआधी मी हो म्हणत नाही. मग वडील येतात, संघाचे मॅनेजर येतात, वस्ताद येतात. एकदा मी वस्तादांना नीरज चोप्राचं उदाहरण दिलं: मे २०१९ मध्ये मुंबईत कोपराचं ऑपरेशन, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा सोडली, आणि जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेकून ऑलिंपिकचं तिकीट काढलं. वस्ताद म्हणाले, “त्याच्यामागं सरकार हुतं. ह्याला खुराक कोण देणार नऊ म्हैनं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी परवानगी दिली नाही.

फिजिओताई
मॅडम, नुसते नऊ महिने नका सांगू. कॅलेंडर उलटलं म्हणून मांडी भरत नाही. एका पायावरच्या उड्या आणि मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के आली का, ते मोजायचं. तुमच्याकडचे अर्धे पेशंट टाके काढल्यावर फिजिओकडे फिरकत नाहीत, कारण एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज.

गुडघेवाली
मान्य. म्हणून मी आता व्यायाम मोबाईलवर चित्रित करून देते आणि तालमीतल्याच एखाद्या जाणत्या पोराला ते करून घ्यायला शिकवते.

नवशिका_ऑर्थो
मॅडम, खूप आभार. शिकायचं कुठे आणि पोट कसं भरायचं, तेही सांगाल?

गुडघेवाली
प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांची एफएनबी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप, मिळाली तर उत्तम. नाहीतर एखाद्या चांगल्या आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या) सर्जनकडे फेलोशिप करा, पण जिथे कॅमेरा तुमच्या हातात देतील तिथेच. फॉर्म भरण्याआधी तिथल्या जुन्या फेलोला फोन करून हे विचाराच. एम.डी. स्पोर्ट्स मेडिसिन वेगळं, त्यात शस्त्रक्रिया नाही, तुमच्यासाठी नाही.

परत आल्यावर लगेच स्वतःचा आर्थ्रोस्कोपी टॉवर (कॅमेरा-मॉनिटरचा संच) घेऊ नका, कर्जात अडकाल. ज्या हॉस्पिटलात आहे तिथे व्हिजिटिंग जा. माझी बारीक हत्यारं अजूनही गाडीच्या डिकीत असतात. आणि ट्रॉमा सोडू नका. माझं घर अजून मोडलेल्या मनगटांवर आणि खुब्यांवर चालतं. एसीएल त्याच्या जोडीला.

(ऑर्थोला प्रवेश घेतला तेव्हा ‘हातोडा पेलणार का?’ असं मला विचारलं होतं. दुर्बिणीला हातोड्याचं बळ लागत नाही आणि हातोडाही मी रोज मारते. ही शाखा घ्यावी की नको म्हणून थांबलेल्या मुली हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी.)

फेलोशिप सुरू व्हायला वेळ आहे ना? तोवर जवळच्या कबड्डी स्पर्धांना प्रथमोपचाराला जायला लागा. पैसे मिळणार नाहीत. पण पकड झाल्यावर गुडघा कसा वळतो ते समोर दिसेल, आणि पुढे पेशंट पाठवणारे पंच, प्रशिक्षक तिथेच ओळखीचे होतील.

प्लास्टरवाला
आमच्याकडे दोन एसीएल पडून आहेत. मॅडम, मेसेज करतो.