देशी कुत्री दत्तक घेतोय, दोन गोष्टींत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो, घरी मी, बायको आणि आई. फॉस्टर घरांमार्फत (म्हणजे दत्तक जाईपर्यंत तात्पुरतं सांभाळणाऱ्यांमार्फत) कुत्री दत्तक देणाऱ्या एका संस्थेकडची दोनेक वर्षांची देशी कुत्री आवडली आहे. नसबंदी, अँटीरेबीज लस, नाइन-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्र लस) सगळं झालंय. होम व्हिजिटला आले तेव्हा बाल्कनीला जाळी लावा म्हणाले, ते पटलंच.

फॉस्टर ताई सांगतात, कुकरची शिट्टी झाली की ती सोफ्याखाली शिरते आणि पोळीचा तुकडा दाखवला तरी बाहेर येत नाही. आमच्याकडे तर रोज सकाळी कुकर! अशा बुजऱ्या कुत्रीला रुळवताना तुम्ही काय केलंत? आधी काही दिवस ट्रायलवर आणावी, की थेट दत्तक करारावर सही करावी?

दुसरं, सेक्रेटरी काका लिफ्टमधून नेऊ देणार नाही म्हणतात. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना दाखवल्या, तर आता म्हणे आधी मनपाचा परवाना आणा. पुण्यात कुणी अलीकडे काढलाय का? लशीच्या दाखल्याशिवाय काय काय मागतात?

आणि हो, "ब्रीडचं पिल्लू घ्या" हा सल्ला नको, आईने देऊन झालाय.