क्लास ५८चा बळी कोणी घेतला?

कोळशाची_गाडी
ब्रिटनमधल्या मालगाडीच्या इंजिनांचा विषय निघाला की मला क्लास ५८ आठवतं आणि चिडचिड होते. डॉनकास्टरच्या कारखान्यात १९८३ ते १९८७ या काळात ५० इंजिनं बनली, प्रत्येकी ३३०० अश्वशक्तीची. १९९९ ते २००२ मध्ये सगळी बाजूला काढली. एकानेही विशी गाठली नाही! १९६० सालचं क्लास ३७ अजून कुठे ना कुठे राबतंय, आणि ही तरणीताठी घरी बसवली. कारण एकच. रेल्वेच्या खासगीकरणानंतर आलेल्या ईडब्ल्यूएस कंपनीने जनरल मोटर्सकडून २५० क्लास ६६ मागवली. कॅनडातल्या लंडनहून आलेल्या या पत्र्याच्या 'शेड'ने (तिकडच्या हौशी मंडळींनीच ठेवलेलं नाव) इंग्लंडची इंजिनं हाकलली.

उलटा_सिग्नल
काका, साफ असहमत. आधी सॉमरसेटमधल्या मेरहेडच्या खाणीत चला. फॉस्टर यिओमन या दगडवाल्यांची ब्रिटिश रेल्वेच्या सतत नादुरुस्त इंजिनांपायी रोजची रडकथा होती. शेवटी १९८६ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने अमेरिकेतून चार क्लास ५९ आणली, इंजिन ९५ टक्के वेळ कामाला तयार असेल अशी हमी करारात लिहून घेऊन. गिऱ्हाईकच स्वतःचं इंजिन घेऊन आलं, तेव्हाच निकाल लागला होता. आणि 'घरची' म्हणाल, तर ५८च्या आधीच्या क्लास ५६ची पहिली ३० रोमानियात बनली होती. त्यांच्या बांधणीबद्दल न बोललेलं बरं.

कोळशाची_गाडी
५६च्या पापाचं खापर ५८वर का? दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून तर ५८ सुट्या भागांत रचलं होतं, चालकाची कॅबसुद्धा बोल्ट काढून वेगळी करता येते.

डर्बीकर
त्या रचनेमागे निर्यातीचाही हिशोब होता. परदेशातून ऑर्डर आली शून्य. गंमत पुढे आहे. निवृत्तीनंतर हीच इंजिनं भाड्याने हॉलंड, फ्रान्स, स्पेनला गेली. स्पेनमधल्या हायस्पीड मार्गांवर रुळांमधलं अंतर ब्रिटनसारखंच १४३५ मिमी, त्यामुळे तिथल्या बांधकामावर ती सरळ चालली. काही मात्र फ्रान्समध्ये अलिझेच्या यार्डात उभ्या उभ्या गंजली. आणि ६६चं एवढं कौतुक नको, कॅबमधल्या आवाजाबद्दल आणि उकाड्याबद्दल तिकडच्या चालकांच्या युनियनने तक्रार केली होती.

उलटा_सिग्नल
आवाजाचं मान्य. पण मालवाल्याला गाडी वेळेवर हवी, कानाला गोड नको. तसंही ६६चा जोर ओसरलाच. प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे २०१६ नंतर नवं ६६ ब्रिटनला मिळालं नाही. मग काय केलं? जुन्या ५६च्या सांगाड्यात ७१० मालिकेचं अमेरिकी यंत्र बसवून १६ 'क्लास ६९' केली. म्हणजे तुमचं जुनं इंजिन जिवंत आहे.

कोळशाची_गाडी
सांगाडा घरचा, पोट अमेरिकेचं. याला जिवंत म्हणायचं?

डर्बीकर
६६च्या पोटात १२ सिलिंडरचं ७१० आहे, आपल्या डब्ल्यूडीजी-४च्या पोटात १६ सिलिंडरचं. वाराणसीत बनलेलं ते इंजिन मालगाडी ओढताना दिसलं की तुम्ही त्याला परकं म्हणता का, काका?