उडू न शकणाऱ्या घारीला गुंतवायचं कशात, आणि कशाला?

गोदाकाठ
पैठणजवळच्या एका छोट्या पक्षी-उपचार केंद्रात मी शनिवार-रविवार मदतीला जातो. केंद्र वनखात्याच्या परवानगीने चालतं. हे आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांत झाली की आमच्याकडे जखमी पाखरांचे खोके येतातच. बहुतेक बरी होऊन उडतात किंवा मरतात. प्रश्न मधल्यांचा. सध्या एक घार आहे, डावा पंख मनगटापासून काढावा लागलेली. आणि एका डोळ्याने आंधळं गव्हाणी घुबड.

घारीला सकाळी आठला खाणं मिळतं. पाच मिनिटांत फस्त. मग दुसऱ्या दिवशीच्या आठपर्यंत ती कोपऱ्याकडे तोंड करून बसायची. बाहेरची घार दिवसभर घिरट्या घालत उकिरडा, मटणाची दुकानं, तळ्याचा काठ बघत असते. हिची नजर तीच, फक्त बघायला काही नाही. झूवाले यावरच्या उपायाला एन्रिचमेंट म्हणतात, आम्ही ‘गुंतवणं’ म्हणतो.

आता खाणं कधी पुठ्ठ्याच्या खोक्यात, कधी काथ्यात गुंडाळून, कधी ट्रॅक्टरच्या जुन्या टायरच्या आत ठेवतो. बसायला तीन जाडीच्या फांद्या पायऱ्यांसारख्या लावल्या, म्हणजे उड्या मारत वर जाता येईल. आणि एक उथळ घमेलं पाण्याचं. घमेल्याला चार दिवस शिवली नाही. पाचव्या दिवशी आधी चोच बुडवली, मग छातीपर्यंत आत बसली आणि उजवा पंख अन् डावा खुंट, दोन्ही एका लयीत पाण्यावर आपटायला लागली. खुंटाने पाणी उडत नव्हतं. तरी आपटत होती.

केंद्रातलाच एक सहकारी म्हणतो, ही सर्कस आहे. तुम्हाला काय वाटतं?

कडुनिंब
तुमचं ते खुंटाचं वाक्य वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल, माझ्या पोटात गोळा आला. स्पष्ट बोलते, राग मानू नका.

घार पिंजऱ्यात वीस वर्षंही काढू शकते. वीस वर्षं रोज खोक्यात मांस लपवणार आहात का? तुमची बदली होईल, मदतीची पोरं नोकरीला पुण्याला जातील, देणगीदार कंटाळतील. घार तिथेच. आणि पुढच्या संक्रांतीला हमखास बरी होईल अशी घार आली तर तिला जागा कुठे? जे पाखरू कधीच उडणार नाही, त्याला डॉक्टरच्या हातून शांतपणे जाऊ द्यावं. खोकी आणि टायर ही आपल्या मनाची समजूत आहे. मांजा आपल्याच गच्चीवरून उडाला होता ना.

गुरांचा डॉक्टर, परभणी
कडुनिंबताईंचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. जागा कमी असली की तो निर्णय घ्यावा लागतो, मीही घेतलाय. पण फांद्यांना खेळ म्हणू नका, तो उपचार आहे. एकाच जाडीच्या गुळगुळीत पाइपावर पाखरू बसून राहिलं की तळपायाच्या एकाच जागी भार येतो. कातडी आधी गुलाबी आणि चकचकीत होते, मग काळी खपली धरते, मग आत पू. हाडापर्यंत गेलं की पाय गेला. एका पंखाचं पाखरू तोल सांभाळताना एका बाजूला रेलतं, त्याला हे लवकर होतं. बाभळीची सालासकट फांदी घ्या, काटे तासून. बोटं पूर्ण वेढली जाऊन नखं तळव्यात रुतणार नाहीत इतकी जाड हवी.

काथ्यात गुंडाळणं मात्र आजच बंद. ही पाखरं हाडं-पिसं-केस यांची गोळी करून ओकून टाकतात. लांब धागा त्या गोळीत अडकला तर गोळी वरही येत नाही, खालीही जात नाही. लपवलेलं खाणं सापडतंय की नाही हे नुसतं बघून कळणार नाही, आठवड्यातून दोनदा काट्यावर वजन करा. आणि नुसतं बिनहाडाचं चिकन देऊ नका.

ज्वारीवाला, लातूर
कामून एवढा खटाटोप करायलाव? शेतात उंदरं मायंदाळ हायत. चार धरा अन् जित्ती सोडा आत. घारीला बी काम अन् आमचं बी काम. आमच्या बांधावरच्या घुबडाला कोण खोक्यात वाढायलंय?

गुरांचा डॉक्टर, परभणी
काका, शिवारात ब्रोमॅडिओलोनच्या, म्हणजे उंदराच्या विषाच्या, वड्या टाकत नाहीत का? ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस सुस्तावून फिरतो आणि सगळ्यांत आधी तोच हाती लागतो. तो खाल्लेल्या पाखराचंही रक्त गोठत नाही. शिवाय एका पंखाच्या घारीला कोपऱ्यात सापडलेला उंदीर उलटा चावतो. उंदराच्या हालांचं तर बोलतच नाही.

ज्वारीवाला, लातूर
हे मातर खरं हाय. मागल्या साली बांधावर घुबड मेलेलं घावलं व्हतं. अंगावर जखम न्हवती काय न्हवती. लोकं म्हनली करणी केली.

डोंगरवाट, धाराशिव
मी कडुनिंबच्या बाजूची नाही, पण तुमच्या उत्साहाचीही मला धास्ती वाटते. आमच्याकडे खांद्याला मार लागलेला शिक्रा आला होता, जेमतेम दीडशे ग्रॅमचा. आम्ही व्हिडिओ बघून पिंजऱ्यात चेंडू, आरसा, लोंबती दोरी, सगळी जत्रा भरवली. तासाभरात जाळीवर आपटून चोचीच्या मुळाची पिवळी कातडी सोलली आणि शेपटीची दोन पिसं मोडली. शेवटी सगळं बाहेर काढलं, जाळीला आतून गोणपाट लावलं आणि एक दाट पाल्याची डहाळी ठेवली. त्याला बाहेरचं काही न दिसणं हेच हवं होतं. खाणंही फटीतून सरकवायचो, माणसाचं तोंड आणि जेवण यांची सांगड बसू नये म्हणून. खांदा सुधारला आणि तो गेला.

घारीचं वेगळं. ती वस्तीतली, रस्त्यावर पडलेल्या पोळीलाही चोच लावून बघणारी. घार, शिक्रा आणि घुबड यांना एकच यादी लावलीत तर दोघांचे हाल होतील.

गोदाकाठ
काथ्या काढला. चूक माझीच, व्हिडिओवरूनच उचललं होतं.

घुबडाला खोकी-बिकी काही दिली नाहीत. लपायला एक अंधारी पेटी आहे. परवा पिंजऱ्यात ज्वारीचा कडबा पसरला, मेलेला पांढरा उंदीर सरकगाठीने दोरीला बांधला आणि कडब्याखालून हळू ओढला. डोलणारं डोकं थांबलं. मग तो तबकडीसारखा चेहरा बरोबर सळसळ होत होती तिकडे वळला. गव्हाणीचा एक कान वर, एक खाली असतो, त्यामुळे काळोखातही आवाज नेमका कुठून आला ते कळतं. आंधळा डोळा आड येत नाही. तिसऱ्या ओढीला झडप. गाठ सुटली, दोरी माझ्याच हातात राहिली.

ताई, जागेच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. दोनच कायमचे पिंजरे आहेत आणि दोन्ही भरलेत.

कडुनिंब
घुबडाचं पटलं. त्याचं मूळ काम त्याला परत मिळालं.

घारीचं नाही पटलं. स्पेनमधल्या घारींवरचा 2011 सालचा एक अभ्यास आहे. त्या घरट्यात पांढरं प्लास्टिक आणून मांडतात, आणि घार जितकी तगडी तितकं प्लास्टिक जास्त. ती आजूबाजूच्या घारींना दिलेली ताकीद असते, इकडे फिरकू नका म्हणून. तुमच्या घारीला घरटं नाही, शेजारीण नाही, भांडायला आभाळ नाही. आणि तुम्ही तिला देताय खोकं.

गोदाकाठ
मग चिंध्या देऊन बघू का? खरंच विचारतोय. आपल्याकडच्या घारीही घरट्याला चिंध्या नेतात. हिला निदान निवडायला तर मिळेल.

गुरांचा डॉक्टर, परभणी
सुती द्या, हातभर मोठी, कडा शिवलेली. टेरिकॉट नको, त्याचे धागे सुटतात. कुणी लक्ष ठेवायला असेल तेवढा वेळच आत ठेवा, रात्री काढून घ्या.

कडुनिंब
माझं मत तेच आहे. पण घरात आईचं जुनं सुती लुगडं पडलंय, कडा शिवून रविवारी पैठणला आणते. घार एकदा बघायचीय. पांढरं नाही, हिरवं आहे. चालेल का?