जुनी लक्झरी मोटरहोम, निम्मा प्रवास बाकी, आधी कशाला हात घालू?

कृष्णाकाठचा_भटक्या

राम राम मंडळी. पुण्याच्या एका पार्टीकडून सेकंडहँड मोटरहोम घेतलीय. २००९ ची बांधणी, टाटा ७०९ चेसिस, एअर ब्रेक, छतावर एक टनाचा एसी, थ्री-वे फ्रिज (गॅस, घरची वीज आणि १२ व्होल्ट, तिन्हींवर चालणारा), शॉवर, आत सगळी सागवानी कपाटं, कुणीतरी हौसेनं पैसा ओतलाय एकेकाळी. मी, बायको आणि आई असे सांगलीहून निघालो, औंध, वाई, पाचगणी करून आता साताऱ्यात पाहुण्यांच्या शेडबाहेर गाडी लावलीय, पुढं कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं ठरलंय.

इंजिनाची तक्रार नाही. पण पसरणी घाट उतरताना ब्रेकचा करपट वास आला, रात्री मध्येच बॅटरी बसते आणि इन्व्हर्टर टीं टीं करून आईची झोप मोडतो, पाचगणीत पाऊस झाला तर एसीच्या कडेनं थेट गादीवर टपटप, आणि फ्रिज गॅसवर गारच होत नाही. इथल्या गॅरेजवाल्यानं पुढचं सगळं बघितलं, मागं डोकावला आणि म्हणाला "ह्यातलं मला काय कळत नाय, साहेब". कुठून सुरू करू? एक मित्र म्हणतोय मागचं सगळं उपटून टाक आणि साधं बसव.

कराडचा_फिटर

आधी ब्रेक. बाकीचं कोकणातनं आल्यावर केलं तरी चालतंय, छत गळलं म्हणून कोण दरीत जात नाही.

सगळ्या चाकांचे ड्रम उतरवून लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारं अस्तर, बघायला लावा. लायनर चकचकीत झालाय का, ड्रमवर निळे डाग पडलेत का, असले तर लई तापलाय. मग स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे लायनर झिजलं की ब्रेकचा ढिलेपणा काढायचा भाग. जुन्या गाडीला बहुतेक हातानं आवळायचा असतो आणि घरगुती वापराच्या गाडीचा कोण आवळत बसत नाही, ट्रकवाला बिचारा नेमानं आवळून घेतो. तो सैल असला की पेडल दाबूनही जोर चाकापर्यंत पोचत नाही आणि एकाच चाकाचा जास्त आवळला तर तेवढंच चाक सगळा भार घेतं. घाट उतरून झाला की खाली थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका बरं का, नुसता जवळ न्या. एकच चाक भट्टीसारखं आणि बाकीची गार, तर एकतर ते चाक धरतंय नाहीतर बाकीची कामच करत नाहीत.

हवेच्या टाकीखालचा कॉक रोज सकाळी सोडत जा, दमट हवेत पाणी साठतंच. पाण्याबरोबर तेलही भरपूर यायला लागलं तर कॉम्प्रेसर बघायला पाहिजे. हवा पूर्ण भरून इंजिन बंद करा, पेडल दाबून धरा आणि काट्याकडं बघा, भराभर खाली यायला लागला तर कुठंतरी लीक आहे, साबणाच्या पाण्यानं सापडतंय.

आणि सांगा बघू पसरणी कुठल्या गिअरमध्ये उतरलात? ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरायचं, ब्रेक मधूनमधून जोरात मारून सोडायचा, सारखा हलका दाबून ठेवायचा नाही. अजून एक, पाण्याची टाकी केवढी आहे?

कृष्णाकाठचा_भटक्या

टाकी ३०० लिटरची, वरपर्यंत भरली होती, आईला शॉवर लागतो. गिअर तिसरा होता बहुतेक.

कराडचा_फिटर

मग झालं. तीनशे किलो पाणी, वर सागवान, एसी आणि तिसरा गिअर. घाटाआधी टाकीत थोडंच पाणी ठेवा आणि खाली चिपळूणला भरा. कुंभार्लीचा खरा उतार पोफळीच्या बाजूला आहे, धुकं असलं तर सकाळी उशिरा सुटा, मागनं एसटी आली तर जाऊ द्या पुढं, तिच्याशी शर्यत नको. टायरचा शिक्का पण बघा, चार आकडे असतात, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. असल्या गाड्या उभ्याच जास्त असतात, नक्षी नवीकोरी दिसते आणि कडेला भेगा. स्टेपनीचा शिक्का तर आधी बघा.

कुपवाड_वायरमन

बॅटरीचं बोलू. दादा, रात्री एसी लावताय ना इन्व्हर्टरवर? एक टनाचा एसी हजार वॅट तरी खातो, १२ व्होल्टवर इन्व्हर्टरची गळती धरून म्हणजे शंभरेक अँपिअर. तुमची बॅटरी १५० एएचची (अँपिअर-तास) धरू, लेड ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हातात ७५ उरले. पाऊण तास. तोसुद्धा बॅटरी नवी असेल तर. एसी हा जनरेटरवर नाहीतर पाहुण्यांच्या मीटरवर, बॅटरीवर फक्त पंखा, दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाईल.

एसी न लावताही बसत असेल तर मल्टीमीटर घ्या, साताऱ्यात कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. सगळं बंद ठेवून काही तास गेल्यावर बॅटरीवर १२.७ च्या आसपास दिसलं तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. मग इंजिन चालू करून आधी पुढं अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) मोजा आणि मग मागं राहत्या भागातल्या बॅटरीवर मोजा. पुढं १४.२ आणि मागं १३ दिसत असेल तर बॅटरीचा दोष नाही, वायर बारीक आहे. पुढनं मागं जाऊन परत येणारी बारा मीटर वायर, १० स्क्वेअर एमएमची असली आणि ५० अँपिअर ओढला तर व्होल्टभर वाटेतच जिरतो. तीच ३५ ची टाका, गळती पाव-अर्ध्या व्होल्टच्या मध्ये येते. लोक बॅटरीवर बॅटरी बदलत बसतात आणि वायर तशीच. बॅटरीच्या टोकालाच फ्यूज पाहिजे, मधे कुठंतरी नाही, कारण वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग फ्यूजच्या अलीकडं लागते.

कृष्णाकाठचा_भटक्या

तेवढ्यासाठी लिथियम टाकू का, मित्राचा आग्रह आहे.

कुपवाड_वायरमन

टाका, पण अल्टरनेटर आणि बॅटरीच्या मधे डीसी-डीसी चार्जर (करंट बेतानं सोडणारा) टाकून. थेट जोडलात तर ती बॅटरी इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून बसतो, आणि २००९ च्या गाडीचा अल्टरनेटर आधीच म्हातारा. आधी वायर बदला, मग बघा लिथियमची गरज उरते का.

विट्याचं_पोरगं

उपटून टाका सगळं, मित्राचं खरं आहे. इंपोर्टेड फ्रिजचा सुटा भाग मिळायला दोन महिने, तोपर्यंत तुम्ही काय रस्त्यावर राहणार का. गाडीला टाटाचा मेकॅनिक गावोगाव आहे, त्या आतल्या नखऱ्यांना कोण आहे?

मिरजेची_ताई

उपटायची घाई करू नका. आमच्याकडं तसलाच थ्री-वे फ्रिज आहे. त्याला कॉम्प्रेसर नसतो, आत अमोनिया आणि पाणी उष्णतेवर फिरतं, म्हणून गाडी कलली की त्याचं फिरणं अडतं. शेडबाहेर जागा उताराची आहे का? चाकाखाली फळी घालून गाडी सपाट करा, गॅसवर रात्रभर चालू ठेवा, आणि सकाळी बघा, त्याला तासाभरात गारवा येत नाही. नाही आला तर मागची जाळी उघडून बर्नर साफ करून घ्या, काजळी नाहीतर कोळ्याचं जाळं असतंच. पिवळी पूड दिसली किंवा नाक झोंबलं तर तो फ्रिज संपला, मग विट्याच्या दादांचं ऐका आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घ्या. त्याची दुरुस्ती आपल्या भागात अवघड नाही, तासगावकडं द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजवर काम करणारे मेकॅनिक आहेत, त्यातला एखादा गाठा. थ्री-वे १२ व्होल्टवर फक्त गाडी चालत असताना ठेवायचा, उभ्या गाडीत तोच बॅटरी खातो. कदाचित तुमचा रात्रीचा टीं टीं तिथूनच येत असेल!

गॅसचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर फरशीवर साठतो. बांधणाऱ्यानं खाली जाळी ठेवली असेल तर तिच्यावर गालिचा किंवा चप्पलचं कपाट आलंय का बघा, आमच्यात आलं होतं. नळीवर तारीख असते, पाच वर्षं उलटली असली तर बदला. आणि रेग्युलेटर घरगुतीच, हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशरवाला कुणी लावून ठेवला नाही ना?

खटावचा_बॉडीवाला

छताचं सांगतो, बाकी लोकांनी सांगितलंय. पहिलं, कोरड्या दिवशी एसी चालवून बघा. तेव्हाही गळलं तर पाऊस नव्हे, एसीचंच पाणी, त्याची निचऱ्याची वाट तुंबलीय. फक्त पावसात गळत असेल तर आतून एसीचे चार बोल्ट असतात ते हळूहळू सारखे आवळा, खालचं गॅस्केट बसकं झालेलं असतं. एकदम एकच आवळायचा नाही. तरी नाही थांबलं तर एकानं आत बसायचं आणि एकानं वरून पाण्याचा पाईप, सुरुवात खालच्या कडेपासून करून हळूहळू वर. थेंब गादीवर पडतो म्हणजे भोक गादीच्या वर असं नाही, पाणी प्लायच्या आतून हातभर सरकून येतं.

आणि कुणीही सांगितलं तरी वरून सिलिकॉन फासू नका. त्याच्यावर पुढं काहीच चिकटत नाही, आम्हाला खरवडत बसावं लागतं, मजुरी तुम्हालाच पडते. जुनं काढा, कोरडं करा, जोडाखाली ब्युटाईल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. आतला प्लाय बोटानं दाबून बघा, मऊ लागला तर तेवढा तुकडा बदलावाच लागतोय. हे काम पाचगणी-महाबळेश्वरला करायचं नाही, महाबळेश्वरात तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. गाडी घेऊन दहिवडीकडं या, आमच्याकडं पावसाची वाट बघण्यातच हयात जातीय, छत निवांत वाळतं.

कृष्णाकाठचा_भटक्या

मंडळी, लई उपकार. उलगडा होत चाललाय. फ्रिजचं बटण खरंच १२ व्होल्टवर होतं, आणि शेडची जागा उताराची आहेच. मल्टीमीटर आणला, पुढं १४.१ आणि मागं १२.९, म्हणजे वायर बदलायची. उद्या ड्रम उतरवतोय. मागच्या उजव्या चाकाचा स्लॅक पार सैल निघाला, इथला गॅरेजवाला म्हणतोय मागची दोन्ही लायनर बदला. पुढची ठेवू का अजून थोडे दिवस?

कराडचा_फिटर

एका ॲक्सलची दोन्ही एकदम बदलली म्हणजे बरोबर आहे. पुढची जाडी बघून ठरवा, रिव्हेटपर्यंत आली असतील तर ठेवू नका. आणि नवीन लायनर बसवलं की लगेच कुंभार्लीला जाऊ नका, कराड-उंब्रजच्या सपाट रस्त्यावर थोडं चालवून बसू द्या, मग परत एकदा आवळून घ्या. तेवढ्यात खटावच्यांकडं छत पण होऊन जाईल.