रक्ताच्या रिपोर्टवरून नैराश्य ओळखता येते का?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
माझे दाजी सोयाबीनच्या काढणीपासून कोणाशी फारसे बोलत नाहीत, पहाटे तीनलाच उठून ओसरीवर बसून राहतात आणि त्यांची अन्नावरची वासनाच उडाली आहे. लातूरच्या लॅबमध्ये थायरॉईड, बी-१२ आणि कॉर्टिसोल (ताणाचे संप्रेरक) तपासून घेतले. सगळे नॉर्मल आले. आता घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की रिपोर्ट चांगले आहेत, म्हणजे आजार नाही. ज्यावरून नैराश्य ठामपणे ठरते, असे एखादे संप्रेरक (हार्मोन) किंवा विकर (एन्झाईम) आहे का?

उत्तर (मानसोपचारतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर)
नाही, आणि नॉर्मल रिपोर्टमुळे दाजींचा आजार खोटा ठरत नाही, हे घरच्यांना कृपया स्पष्ट सांगावे.

अशी तपासणी शोधण्याचे प्रयत्न मात्र मनापासून झाले आहेत. मानसोपचारतज्ज्ञ बर्नार्ड कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये डेक्सामेथासोन चाचणी मांडली: रात्री अकराला या स्टेरॉईडची १ मिलिग्रॅम गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसोल मोजायचे. निरोगी माणसात ते दबते, तीव्र नैराश्याच्या काही रुग्णांत दबत नाही. पण पुढे दिसले की नैराश्याच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत ते व्यवस्थित दबते, तर घटलेले वजन, दारू किंवा दुसरा एखादा आजार यांमुळे नैराश्य नसतानाही दबत नाही. मेंदूतील सेरोटोनिनसारखी रसायने मोडणाऱ्या मोनोअमाईन ऑक्सिडेज या विकराचेही तसेच झाले. मेंदूतील पातळी सहज मोजता येत नाही म्हणून ते रक्तातील प्लेटलेटमध्ये मोजले गेले, परंतु नुसत्या धूम्रपानानेही ते घटते.

थायरॉईड आणि बी-१२ तपासले हे योग्यच केले, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच मलूल होतो. निदान मात्र लक्षणांवरूनच होते: किमान दोन आठवडे नऊपैकी पाच लक्षणे, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक असावेच लागते. पहाटेची जाग आणि गेलेली भूक मला गंभीर वाटते.

उत्तर (लॅब टेक्निशियन, परभणी)
कॉर्टिसोलचे सॅम्पल किती वाजता घेतले, तेही पाहावे. ते सकाळी आठच्या सुमारास सर्वाधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते, त्यामुळे दुपारचा आकडा सकाळच्या रेंजशी ताडणे चुकीचे आहे. स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर या आकड्यावर विसंबूच नये.

उत्तर (आरोग्यसेविका, बीड)
रिपोर्टची चर्चा नंतर करता येईल. जीव नकोसा वाटतो का, हे दाजींना ताईंनी किंवा तुम्ही थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. फवारणीचे औषध आजच घरातून आणि शेतातल्या खोलीतून हलवून कुलूपबंद ठेवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतून बोलता येते, आणि या आठवड्यातच त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जावे. सोबत ताई असाव्यात, कारण झोपेचे आणि जेवणाचे खरे वर्णन त्याच करू शकतील.