रात्री घाटात कुणी हात केला तर तुम्ही गाडी थांबवता का?

अर्धा_चहा:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये.

आम्ही कल्याणला राहतो, बायकोचं माहेर ओतूरजवळ. दोन शनिवारांपूर्वी तिकडे निघालो, निघता निघताच उशीर, मुरबाडला जेवण, टोकावडे सोडलं तेव्हा दहा वाजून गेले होते. माळशेजचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, वायपर फुल स्पीडला आणि तरी समोर नुसतं पांढरं. गाडीत बायको, मुलगी झोपलेली आणि मागे सासूबाई. वर चढताना एका वळणावर डोंगराच्या कडेला चिकटून एक जुनी व्हॅन उभी, एक माणूस मोबाईलचा टॉर्च हलवतोय आणि त्याच्या मागे एक बाई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद धरून उभी. मी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी स्लो पण झाली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू थांबू नका हं, असंच लुटतात." आणि मी गिअर टाकून निघून गेलो.

आता खुपतंय ते काय ते सांगतो. माझी गाडी स्लो झाली तसा त्या माणसाने हात खाली घेतला होता. म्हणजे त्याला वाटलं हा थांबला.

घाटात रेंज नव्हती हे खरं, पण वर आल्यावर आली की, तेव्हा ११२ ला एक फोन करता आला असता. तोही केला नाही. गाडीत कुणी विषयच काढला नाही, मीही नाही.

तर प्रश्न सरळ आहे, तुम्ही थांबता का? फॅमिली असताना, एकटे असताना, रात्री? "परिस्थिती बघून ठरवावं" हे मला पण माहितीये, ते नका सांगू. नक्की काय बघता ते सांगा.

पिकअपवाला:
दादा तुम्ही आमच्याच रोडचं लिहिलंय म्हणून लॉगिन केलं. मी आठवड्यातून तीन रात्री आळेफाटा ते वाशी मार्केट पिकअप मारतो, कधी कांदा कधी टोमॅटो. घाटात कोणी उभा असला तर आमच्या लाइनीतला माणूस थांबतोच, यात पुण्यबिण्य काही नाही, आज तो उभा आहे उद्या मी असणारे, माल नासला तर पट्टी, म्हणजे मालाचे हातात येणारे पैसे, शून्य.

आणि मदत म्हणजे काय फार मोठं नसतं. दहातल्या आठ वेळा डिझेल संपलेलं, नाहीतर गाडी गरम, नाहीतर पंक्चर आणि जॅक आहे तर पाना नाही. कारवाल्यांचं तर ठरलेलं, गाडी आधी जॅकवर चढवतात आणि मग नट सोडवायला जातात, चाक गरगर फिरतंय. अहो चाक जमिनीवर असताना नट अर्धा फेरा सैल करायचे, पान्यावर उभं राहून, मग जॅक. गाडी गरम झाली तर रेडिएटरचं झाकण लगेच खोलू नका, हात भाजलेली माणसं मी बघितलीत. अर्धा तास दम काढा, बिडी काडी नसेल तर गप्पा मारा.

आमच्या लोकांची एक वाईट सवय पण सांगतो. गाडी बंद पडली की मागे दगड लावतात, झाडाची फांदी टाकतात, ते बरोबरच आहे, रात्री दुसरं काय करणार, पण गाडी चालू झाली की दगड तिथंच सोडून निघतात. मागनं मोटारसायकलवाला येतो तो त्याच्यावर. मी उतरून बाजूला करतो, किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, असला तर त्याला करायला लावतो.

बाकी कारवाला थांबला असं माझ्या बारा वर्षांत दोनदाच झालंय. राग नाही, फक्त सांगितलं. त्या व्हॅनवाल्याचं टेन्शन घेऊ नका, तुमच्या मागनं आमचा कोणीतरी आलाच असणार.

पावशेर:
मी थांबत नाही. पूर्वी थांबायचो.

एकदा सिग्नलच्या पुढे दोन पोरं बाइकवर बाजूला आली, "अंकल गाडीखालनं ऑइल गळतंय" असं ओरडून गेली. मी शहाणा, उतरलो, बॉनेट उघडलं, तिथे खरंच काळं काहीतरी सांडलेलं. तोपर्यंत मागच्या सीटवरची बॅग गेली, लॅपटॉप, पासपोर्ट, ऑफिसच्या किल्ल्या. भर दुपारी, भर शहरात. पासपोर्टसाठी नंतर ज्या चकरा मारल्या त्या वेगळ्याच. तेव्हापासून रस्त्यावर कुणी काही दाखवलं तरी मी पुढच्या पेट्रोल पंपावरच थांबतो. निष्ठुर म्हणा हवं तर.

आणि समजा अपघातच असला आणि तुम्ही माणसाला दवाखान्यात नेलं तर पुढे पोलीस, कोर्ट, साक्षी पुरावे. ते लचांड कोण घेणार गळ्यात?

अर्धा_चहा:
@पिकअपवाला, "तुमच्या मागनं आमचा कोणीतरी आलाच असणार" हे वाचून जरा बरं वाटलं आणि लगेच लाज पण वाटली.
@पावशेर, तुमचं दुःख कळतं, पण तुम्हाला लुटलं ते मदत मागून नाही, मदत केल्यासारखं दाखवून. दोन्हीत फरक आहे ना?

पावशेर:
फरक आहे हो, बॅग दोन्हीत जाते.

अनु_७७:
मी बाई, एकटी ड्राइव्ह करते, कामासाठी नाशिक पुणे महिन्यातून दोनदा तरी होतं. अनोळखी माणसासाठी अंधारात थांबत नाही, त्याचं मला गिल्ट पण नाही. फोन मात्र करते, दर वेळी. नॅशनल हायवे असेल तर १०३३, कुणाला लागलेलं दिसलं तर १०८, बाकी कशालाही ११२. किलोमीटरचा दगड किंवा शेवटचं हॉटेल कुठलं गेलं ते लक्षात ठेवायचं, कारण पलीकडचा माणूस पहिला प्रश्न "लोकेशन?" हाच विचारतो आणि आपण म्हणतो "रस्त्यावर".

पण उलट बाजू पण सांगते. मागच्या डिसेंबरात नांदूर शिंगोटेच्या पुढे माझा टायर बसला, संध्याकाळचे सात, काळोख. एका बाइकवर दोन पोरं थांबली, विशीतली. मी काच एक बोटभर खाली केली आणि म्हणाले मिस्टर येतायत मागून. (मिस्टर तेव्हा नाशिकला भाजी चिरत होते.) एक पोरगा म्हणाला, "ताई, आत बसून चालेल असं नाही, डिकी तरी उघडा, स्टेपनी तिथंच असते." मी तरी उतरेना. मग दुसरा म्हणाला, "घरी व्हिडिओ कॉल लावा, आमची तोंडं दाखवा, गाडीचा नंबर दाखवा, मग उतरा." लावला. नवऱ्याने तिकडून त्यांचे चेहरे बघितले, बाइकचा नंबर लिहून घेतला, आणि त्यांनी फोन माझ्याच हातात ठेवून, मला रस्त्यापासून लांब उभं करून पंधरा मिनिटांत टायर बदलला. पैसे घेतले नाहीत, पाण्याची बाटली मागितली फक्त, हात धुवायला.

त्यामुळे आता मला वाटतं की थांबणाऱ्याने समोरच्याची भीती पण धरून चालायला पाहिजे. लांबूनच बोलायचं, काचेला येऊन खेटायचं नाही. त्या पोरांना हे कुणी शिकवलं देव जाणे.

काळाकोट:
पावशेर यांचा शेवटचा मुद्दा जुना झालाय, तेवढं सुधारतो, कारण या भीतीपायी माणसं रस्त्यावर मरतात.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केंद्राने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, मार्च २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूने, बदल्यात काही न मागता मदत करताना तुमच्या हातून चूक झाली आणि त्या जखमीचं काही बरंवाईट झालं तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० च्या नियमांत आणखी स्पष्ट आहे, पोलीस तुम्हाला नाव, पत्ता, फोन नंबर द्यायची सक्ती करू शकत नाहीत. दवाखान्यात पोचवलं की तुम्ही निघू शकता. साक्षीदार व्हायचं की नाही ते तुम्ही स्वतःहून ठरवायचं.

हवालदाराला हे सगळं पाठ असतं का? नाही. तरी कलमाचा नंबर सांगितला की आवाजाची पट्टी बदलते, हा माझा अनुभव.

फक्त एक, हे सगळं अपघाताबद्दल आहे. बंद पडलेल्या गाडीला धक्का मारण्याबद्दल कायदा काही म्हणत नाही, तिथे तुम्ही आणि तुमच्या सासूबाई.

यष्टीपुत्र:
सगळे चोरांबद्दल बोलताय, मागून येणाऱ्या ट्रकबद्दल कोणीच बोलत नाहीये.

वडील यष्टीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, सगळी सर्व्हिस घाटातच गेली. ते सांगायचे, रस्त्यात थांबलेल्याला लुटारू क्वचित भेटतो, मागून येणारा पेंगलेला ड्रायव्हर रोज भेटतो. यष्टीचा नियम सोपा, आपली दुसरी गाडी बंद पडलेली दिसली की थांबायचं, तिची माणसं त्याच तिकिटावर आपल्या गाडीत घ्यायची, उभी तर उभी. पण कुठे थांबायचं यात त्यांची फार शिस्त होती. वळणावर कधीच नाही, वळण ओलांडून सरळ रस्ता लागेल तिथे, बंद गाडीच्या पुढे, डावीकडे पूर्ण खाली उतरून. मग कंडक्टर चालत मागे. बंद गाडीच्या मागे चिकटून थांबलात तर दोघांच्या मध्ये उभी असलेली माणसं चेपतात, एवढंच ते म्हणायचे आणि पुढे बोलायचे नाहीत. त्यांनी काहीतरी बघितलं असणार, आम्ही कधी विचारलं नाही.

तो लाल त्रिकोण मिळतो ना गाडीबरोबर, लोक तो बंपरपासून चार हातांवर ठेवतात. काय उपयोग? घाटात तो वळणाच्या अलीकडे पाहिजे, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी कळेल. चालत जावं लागतं, पावसात तर जीवावर येतं, पण तेच काम आहे.

आणि एक्स्प्रेसवे किंवा समृद्धीवर मी स्वतः पण थांबत नाही. तिथे थांबणं म्हणजे एका संकटाची दोन करणं. फोन करायचा. आपलीच गाडी बंद पडली तर पार्किंग लाइट लावून सगळ्यांनी डाव्या बाजूने उतरायचं आणि रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, आत एसीत बसून टोइंगवाल्याची वाट बघत बसायचं नाही.

म्हणून अर्धा_चहा, तुमच्या त्या वळणावर तुम्ही त्या व्हॅनच्या मागे थांबला असतात, पावसात, मागच्या सीटवर पोरगी झोपलेली, तर मी म्हणेन चूक केलीत. दोनशे मीटर पुढे जाऊन थांबायचं होतं. नाहीतर काच खाली करून एवढंच ओरडायचं, "वर जाऊन फोन करतो!" त्याला तेवढं पण पुरलं असतं.

म्युनिकचा_मन्या:
इकडे जर्मनीत संकटातल्या माणसाला शक्य असून मदत न करणं हा गुन्हा आहे, आणि लायसन्स काढायच्या आधी प्रथमोपचाराचा कोर्स करावाच लागतो. गाडीत त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं. पण साधी गाडी बंद पडली तर ऑटोबानवर कुणी कुणासाठी थांबत नाही हो, सगळे ब्रेकडाउन सर्व्हिसचे मेंबर, पिवळी गाडी येते आणि काम करून जाते. मागच्या हिवाळ्यात मी तासभर बर्फात उभा होतो, शेकडो गाड्या गेल्या, एकानेही वेग कमी केला नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही, कारण पिवळी गाडी येणार हे माहीत होतं. माळशेजमध्ये पिवळी गाडी म्हणजे पिकअपवाला.

पिकअपवाला:
माझी पांढरी आहे 😀

अर्धा_चहा:
सगळ्यांचे आभार. यष्टीपुत्र, "वर जाऊन फोन करतो" हे वाक्य मी घरात वाचून दाखवलं. सासूबाई फोनवर होत्या, त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या ती बाई कडेवर पोर घेऊन होती. मला पोर दिसलं नव्हतं. त्यांनी बघितलं होतं.

असो. पुढच्या शनिवारी परत तिकडे जायचंय. टोचन करायला, म्हणजे बंद गाडी ओढायला, दोर घेऊन ठेवावा म्हणतोय, नायलॉनचा घ्यावा की लोखंडी वायरीचा?

पिकअपवाला:
नायलॉनचा पट्टा घ्या, रुंद. वायर तुटली की चाबकासारखी येते. पण घाटात दोराने टोचन करू नका दादा. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टेअरिंग जड होतं, उतारावर मागची गाडी सरळ तुमच्या डिकीत. सरळ रोडला हळूहळू पुढच्या गॅरेजपर्यंत ठीक आहे. ऑटोमॅटिक गाडी असली तर दोराने ओढायचीच नाही, गिअरबॉक्स जातो.

आणि दोर बांधणार कशाला ते आधी बघा. बंपरला बांधलात तर बंपर हातात येईल. तुमच्या गाडीत कंपनीचा हुक दिलेला असतो, जॅक आणि पान्याच्या सोबत. बंपरवर छोटं झाकण असतं ते काढून त्यात पिळायचा.

अर्धा_चहा:
आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. सापडला, स्टेपनीच्या खाली. सहा वर्षांची गाडी, हुकाची पिशवी पण फोडलेली नव्हती.